सूट घालायचा, पण किती कडक? कॅज्युअल सूट आणि औपचारिकतेच्या पायऱ्या

उंबरठा

नमस्कार मंडळी. लग्नसराई तोंडावर आली की "सूट शिवू की ब्लेझर घेऊ" असे चर्चेचे धागे निघतात आणि ब्रँडच्या नावांवर येऊन थांबतात. इथे ब्रँड बाजूला ठेवूया. एखाद्या प्रसंगाला किती औपचारिक कपडे घालायचे हे ठरवायचं कसं, आणि दुकानात "कॅज्युअल सूट" म्हणून जे दाखवतात ते नक्की कशामुळे कॅज्युअल होतं, हा प्रश्न आहे.

माझं मत असं की सूट हा एकच पोशाख समजणं हीच चूक आहे. काळ्या गुळगुळीत सूटवरची टाय काढली, वरचं बटण उघडं ठेवलं, की तो अर्धवट उरकलेला फॉर्मल सूट दिसतो. तेच विटकरी लिननचं जॅकेट-पँट पहिल्यापासूनच सैलावलेलं असतं. त्याला टाय लावली तरी ते ऑफिसचं वाटत नाही.

तीन गोष्टींवर जाणकारांनी लिहावं. आपल्या हवेत कापड कुठलं? शिंप्याला नेमकं काय सांगायचं? आणि पत्रिकेवर कपड्यांबद्दल काहीच छापलेलं नसताना पायरी कशी ओळखायची?

काजबटण

चांगला विषय. काउंटरवर "कॅज्युअल" हा शब्द बहुतेक वेळा फक्त रंगासाठी वापरला जातो. फिकट निळा म्हणजे कॅज्युअल. रंगाचा वाटा आहेच, पण जॅकेट हातात घेऊन पुढच्या गोष्टी बघा.

सगळ्यात आधी खांदा. आत जाड पॅड असेल तर खांद्याची कड फळीसारखी ताठ राहते आणि बाही तिथून काटकोनात खाली पडते. कॅज्युअल जॅकेटला पॅड नको, फार तर वाडिंगचा, म्हणजे कापसासारख्या भरणाचा, एक पातळ थर. मग खांदा अंगाच्या उतारानेच खाली येतो. इथे एक धोका आहे. पॅड चुका झाकतं. बहुतेक माणसांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा थोडा खाली असतो. पॅडशिवाय शिवायचं असेल तर शिंप्याने दोन्ही खांद्यांचा उतार वेगवेगळा मापायला हवा. नाहीतर खालच्या बाजूला काखेपासून कमरेकडे तिरकी चुणी पडते आणि ती इस्त्रीने जात नाही.

मग खिसे. नुसती चीर दिसते तो बोन पॉकेट सर्वांत औपचारिक, त्याखाली फ्लॅपचा, आणि वरून शिवलेला पॅच खिसा सर्वांत मोकळा. पॅच खिसा सोपा वाटतो, पण चेक्सच्या कापडात खिशावरची रेघ अंगावरच्या रेघेला तंतोतंत जुळावी लागते. त्यासाठी पाव मीटर कापड जास्त घ्या. खिशाचे खालचे कोपरे गोल असावेत. चौकोनी कोपरे शर्टाच्या खिशासारखे दिसतात.

लॅपल, म्हणजे छातीवर दुमडलेली पट्टी, नॉच (कॉलरपाशी खाच असलेली) ठेवा, टोकं वर गेलेली पीक लॅपल पुन्हा औपचारिकतेकडे नेते. रुंदी सव्वातीन ते साडेतीन इंच. बटणं कापडाच्या रंगाची चकचकीत प्लॅस्टिकची नकोत. मॅट तपकिरी शिंगाची, किंवा कोरोझोची, म्हणजे ताडाच्या जातीच्या झाडाच्या कठीण बीपासून केलेली. एका रात्रीत जॅकेटचा स्वभाव बदलायचा असेल तर सर्वांत स्वस्त उपाय बटणं बदलणं हाच आहे.

गवतीचहा

वाचनखूण साठवली. बटणांचं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

धागेदोरे

कापडाबद्दल लिहितो, कारण सर्वाधिक फसगत तिथेच होते.

"सुपर १२०", "सुपर १५०" हे आकडे दर्जाचे समजले जातात. ते लोकरीच्या तंतूचा बारीकपणा सांगतात. सुपर १०० मध्ये तंतूचा सरासरी व्यास १८.७५ मायक्रॉनच्या आत असावा लागतो, १२० मध्ये १७.७५, तर १५० मध्ये १६.२५. आकडा चढला की कापड मऊ, चमकदार आणि नाजूक होत जातं. म्हणजे तो जितका मोठा तितका सूट औपचारिक दिसणार, आणि मांडीच्या आतल्या बाजूला तितका लवकर झिजणार. रोजच्या किंवा कॅज्युअल सूटला १०० पुरेसा आहे.

त्याहून महत्त्वाची वीण. हॉपसॅकमध्ये दोन-दोन धागे जोडीने टोपलीसारखे विणलेले असतात. कापड उजेडासमोर धरलं तर मधली बारीक छिद्रं दिसतात. हवा खेळते, पोत खडबडीत दिसतो, आणि जॅकेट सुट्टं, म्हणजे वेगळ्या पँटवर, घातलं तरी चालून जातं. दुसरा पर्याय हाय ट्विस्ट लोकर. धाग्याला जास्त पीळ दिलेला असतो, हाताला किंचित करकरीत लागते, पण मुठीत चुरगळून सोडलं की सुरकुती आपोआप उलगडते. दुकानात हीच परीक्षा करा. दहा सेकंद मूठ घट्ट आवळा आणि सोडा.

वजन विचारताना ते चालू मीटरचं आहे की चौरस मीटरचं, हे नक्की विचारा. सूटिंगची रुंदी साधारण १५० सें.मी. असते. म्हणून चालू मीटरला २५० ग्रॅम म्हणजे चौरस मीटरला जेमतेम १६७. दोन दुकानांतले आकडे या एका घोळामुळे जुळत नाहीत. मुंबई-कोकणासाठी चालू मीटरला २४० ते २८० ग्रॅम बरं. त्याहून हलकं घेतलं तर गारवा फारसा वाढत नाही, मात्र पँट पायाला चिकटते आणि तिचा झोल सुटत नाही.

लिननबद्दल नेमकं उलटं सांगावं लागतं. पातळ लिनन घेऊ नका. त्याला कागदासारख्या तीक्ष्ण, बारीक घड्या पडतात. चालू मीटरला ३०० ग्रॅमच्या पुढचं लिनन घ्या. त्यावर मोठ्या, मऊ लाटा पडतात आणि त्या शोभतात. शिवण्याआधी कापड पाण्यातून काढून सावलीत वाळवा. लिनन आटतं, आणि सूट शिवून झाल्यावर आटलं तर बाही पहिल्या धुण्यातच अर्धा इंच वर जाते.

दोन भागांच्या सूटला सव्वातीन मीटर कापड घ्या. उंची सहा फुटांच्या पुढे असेल तर साडेतीन.

दमटहवा

थोडा वेगळा सूर लावतो. एवढा खटाटोप करून सूट घालायचाच कशाला? मे महिन्यात दादरच्या हॉलमध्ये एसी बंद पडला की हॉपसॅक असो की लिनन, दोन थर ते दोन थरच. आपल्याकडे औपचारिकतेच्या सगळ्या पायऱ्या देशी कपड्यांत आहेत. काळा लोकरी बंदगळा आणि त्याच कापडाची पँट, हे सर्वांत वर. त्याखाली टसरचा किंवा मटका सिल्कचा बंदगळा वेगळ्या रंगाच्या पँटवर. मग शर्ट-पँटवर बिनबाह्यांचं जाकीट. मग कुर्ता-पायजम्यावर बंडी. शेवटी नुसता कुर्ता. यातली प्रत्येक पायरी सूटच्या पायरीशी जुळते आणि खालच्या तीन तर निम्म्या उकाड्यात निभतात.

काजबटण

दमटहवा, पायऱ्या तुम्ही अचूक लावल्या आहेत. पण बंदगळा सूटपेक्षा थंड असतो हे पटत नाही. गळा बंद, छाती बंद, पुढे सहा-सात बटणं. उघड्या जॅकेटमधून जो वारा जातो तो इथे जात नाही. शिवाय बंदगळ्याचा गळा शिवणं हे सूटच्या कॉलरपेक्षा कठीण काम आहे. पुढची उंची दीड ते पावणेदोन इंच, मान लांब असेल तरच त्याहून जास्त. हुक लावल्यावर आत एक बोट सहज फिरलं पाहिजे. दोन बोटं गेली तर गळा पुढे लोंबतो, एकही गेलं नाही तर जेवताना गुदमरायला होतं. आतून पांढरी पट्टी बटणांनी लावून घ्या, कडेला दोरीइतकी दिसेल अशी. घाम तिला लागतो आणि ती काढून धुता येते.

उकाड्याचं खरं कारण अस्तर आहे. बाजारातल्या बहुतेक जॅकेटांना पॉलिस्टरचं पूर्ण अस्तर असतं. बाहेरून शंभर टक्के लिनन आणि आतून पॉलिस्टर, म्हणजे रेनकोट घालून वर लिनन पांघरल्यासारखं. शिंप्याला सांगा: पाठीला अस्तर फक्त खांद्यांपुरतं, बाहीला कुप्रोचं किंवा व्हिस्कोसचं. बाहीचं अस्तर काढू नका, नाहीतर हात शर्टावरून सरकत नाही. पाठ उघडी ठेवली की आतल्या शिवणी दिसतात, म्हणून प्रत्येक शिवणीच्या कडेला कापडी पट्टीचं पायपिंग करावं लागतं. त्यामुळे अर्ध्या अस्तराच्या जॅकेटला शिलाई जास्त पडते. ती रास्त आहे, घासाघीस करू नका.

दमटहवा

अस्तराचं मान्य. बंदगळ्याला पण हेच करता येईल ना?

काजबटण

येईल की. हॉपसॅकचा, अर्ध्या अस्तराचा बंदगळा चांगलाच होतो.

पाचूबंदर

"आपल्याकडे सूट कशाला" याला एक पुस्ती. वसई, मुंबईतली ईस्ट इंडियन ख्रिस्त्यांची गावठाणं आणि गोवा इथल्या ख्रिस्ती लग्नांत सूट हा पिढ्यान्‌पिढ्या आपलाच पोशाख आहे. आणि तिथे पायऱ्यांचं भान पक्कं असतं. नवरदेव सर्वांत वरच्या पायरीवर, त्याचे सोबती त्याच्या बरोबरीला किंवा किंचित खाली, पाहुणे आणखी खाली. नवरदेव नेव्ही किंवा काळ्या सूटमध्ये असणार हे धरून चालावं, आणि पाहुण्याने राखाडी, तपकिरी, दुपार असेल तर फिकट लिनन घालावं. बो टाय नवरदेवासाठी सोडावा.

त्या लग्नांत नाच असतोच, म्हणून मापाची एक गोष्ट सांगतो. जॅकेटची काखेची गोलाई वर हवी, काखेला जवळजवळ टेकणारी. ऐकायला उलटं वाटतं. पण गोलाई खाली, सैल असेल तर हात वर केला की सगळं जॅकेट हाताबरोबर वर उचललं जातं आणि कॉलर मानेपासून सुटते. ट्रायलच्या वेळी आरशासमोर दोन्ही हात खांद्याएवढे उचला. कॉलर मानेला चिकटून राहिली तरच पुढचं काम सांगा. रेडीमेडमध्ये गोलाई मोठीच कापलेली असते, म्हणजे एका मापात जास्त माणसं बसतात, आणि ती नंतर वर घेता येत नाही.

माझीसुई

पाचूबंदर, फार उपयोगी.

रेडीमेड घेणाऱ्यांसाठी, आत काय आहे हे ओळखायची रीत. खालच्या बटणाच्या जरा खाली जॅकेटचा पुढचा भाग दोन चिमटींत धरा आणि बाहेरचं व आतलं कापड हळूच विलग करा. दोहोंच्या मध्ये तिसरा थर सुटा फिरतोय असं बोटांना जाणवलं तर पूर्ण कॅनव्हास, म्हणजे जॅकेटचा आकार धरून ठेवणारं आतलं कापड, आहे. तिथे जाणवला नाही, पण छातीवर लॅपलच्या मागे जाणवला, तर अर्धा. कुठेच सुटा थर नसेल आणि वरचं कापड जरा पुठ्ठ्यासारखं लागत असेल तर फ्युजिंग आहे, म्हणजे गरम दाबाने चिकटवलेलं.

फ्युजिंग वाईटच असं नाही. पण वारंवार ड्रायक्लीन आणि फार गरम इस्त्रीने गोंद सुटतो आणि छातीवर फोड आल्यासारखे बुडबुडे दिसू लागतात. एकदा सुटलं की कायमचं नीट होत नाही. म्हणून फ्युजिंगचं जॅकेट सीझनला एकदाच ड्रायक्लीन करा. एरवी ब्रश आणि वाफ. इस्त्री करायचीच झाली तर वर ओलसर पंचा टाकून, दाबून उचलून. घासून फिरवली की काळ्या-नेव्ही कापडाला जी चकाकी येते ती जात नाही.

आणि जॅकेट-पँट कायम बरोबरच धुवायला द्या. एकट्या पँटचा रंग उतरला की सूट जोडीतून सुटला.

रानपाखरू

कॅज्युअल सूट म्हटला की आतमध्ये टी-शर्ट आणि पायात पांढरे स्नीकर्स, यावर मंडळींचं काय मत?

धागेदोरे

पॅडविना, पॅच खिशांचा, सुती किंवा लिननचा सूट असेल तर स्नीकर्स चालतील. चामड्याचे, एकरंगी, बारीक सोलचे, आणि स्वच्छ. धावायचे बूट नकोत. टी-शर्ट जाड हवा आणि गळ्याची पट्टी अरुंद. रोजचा पातळ टी-शर्ट जॅकेटखाली बनियनसारखा दिसतो.

गुळगुळीत लोकरी सूटवर मात्र नाही. सूट चौथ्या पायरीवर आणि बूट पहिल्या, हे अंतर डोळ्याला टोचतं. अंगावरच्या दोन वस्तूंमध्ये एका पायरीपेक्षा जास्त फरक नको, हा माझा साधा हिशेब.

टाचणी

इथे मी असहमत. एका पायरीचा नियम नवशिक्याला ठीक आहे, पण सगळं एकाच पायरीवर आलं की पोशाख शोरूममधल्या पुतळ्यासारखा दिसतो. नेव्ही सूटखाली डेनिमचा शर्ट आणि विणलेली टाय, यात दोन पायऱ्यांचा फरक आहे आणि तरी तो उत्तम दिसतो. कारण फरक पोतामध्ये आहे, रंग एकाच घरातले आहेत. माझं म्हणणं: पायरी ओलांडायची तर रंग जवळ ठेवा. पोत आणि रंग दोन्ही एकदम उडवू नका.

धागेदोरे

टाचणी, रंगाची अट घातलीत तर मान्य. शर्टाची चढण त्यासाठी माहीत हवी. पॉपलिन सर्वांत वर, मग ट्विल, मग ऑक्सफर्ड, शेवटी शाम्ब्रे (डेनिमसारखं दिसणारं, पण पातळ) आणि डेनिम. कॉलरही तशीच: ताठ, पसरट कॉलर औपचारिक, टोकांना बटणं असलेली कॉलर कॅज्युअल. टायशिवाय जॅकेट घालायचं असेल तर बटणं असलेली कॉलर घ्या. साधी मऊ कॉलर तासाभरात लॅपलखाली दडपली जाते आणि गळ्यापाशी शर्ट कोलमडतो.

चांदणचुरा

जरा अवांतर. डेनिमचा विषय निघालाच आहे म्हणून. इंग्रजीतला "डंगरी" (कामकऱ्यांची जाड सुती पँट) हा शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेलेला आहे, तिथे विकल्या जाणाऱ्या जाड सुती कापडामुळे. टक्सीडोवर, म्हणजे संध्याकाळच्या सर्वांत औपचारिक सूटवर, कमरेला बांधतात तो "कमरबंड" म्हणजे फारसीतून आलेला आपला कमरबंद. आणि उन्हाळी सूटचं सीरसकर हे कापड म्हणजे फारसी शीर-ओ-शकर, दूध आणि साखर. एक पट्टा दुधासारखा सपाट, एक साखरेसारखा खरबरीत. संस्कृतातले क्षीर आणि शर्करा त्याच कुळातले. कामकऱ्याच्या कपड्यापासून सर्वांत औपचारिक पोशाखापर्यंत आपले शब्द पोचले आहेत याचा फार आनंद वाटतो.

काजबटण

चांदणचुरा, सीरसकरची आठवण काढलीत हे बरं झालं, ते या धाग्यात यायलाच हवं होतं. विणताना उभ्या धाग्यांचे काही पट्टे सैल सोडतात, ते आकसून सुरकुततात. त्यामुळे कापड अंगाला सपाट चिकटत नाही, मध्ये हवा राहते, आणि इस्त्रीची गरजच पडत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत, न्यू ऑर्लिन्ससारख्या दमट शहरात हा सूट रुजला त्यामागे हेच कारण. आपली हवा तीच आहे. इथे निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं मिळतं ते जरा उठून दिसतं, पण नेव्ही किंवा गडद राखाडी सीरसकर मिळालं तर बिनधास्त घ्या. अस्तर अजिबात नको, आणि शिंप्याला निक्षून सांगा की यावर इस्त्री दाबून फिरवायची नाही. सुरकुत्या मोडल्या तर कापडाचा गुणच गेला.

कोर्टकचेरी

ज्यांना पोशाख निवडायची मुभाच नाही त्यांच्याबद्दल दोन ओळी. वकिलांसाठी बार कौन्सिलच्या नियमांतही हवामानाचा विचार आहे. सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं सोडून इतर न्यायालयांत उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही, आणि गाऊनही ऐच्छिक आहे. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने २००५ मध्ये "कूल बिझ" मोहीम काढली. उन्हाळ्यात कार्यालयांतला एसी २८ अंशांवर ठेवायचा आणि कर्मचाऱ्यांनी टाय-जॅकेटशिवाय यायचं. नियम करणाऱ्याने पहिली पायरी खाली उतरली की बाकीच्यांना उतरता येतं. एकट्या कनिष्ठ कर्मचाऱ्याला ते अवघड जातं.

दर्यावर्दी

याच धर्तीवर, भारतीय नौदलाने २०२४ मध्ये मेसमध्ये कुर्ता-पायजम्याला परवानगी दिली. पण मोघम "भारतीय पोशाख" म्हणून सोडून दिलं नाही: एकरंगी कुर्ता, गुडघ्याच्या जरा वरपर्यंत लांबी, बाह्यांना कफ, वर बिनबाह्यांचं जाकीट, पायात बूट किंवा सँडल. दमटहवा म्हणतात ते देशी पायऱ्यांचं म्हणणं खरं करायचं तर असं नेमकेपण लागतं. कुर्त्याची बाही कफविना ढगळ सोडली की तोच कुर्ता दोन पायऱ्या खाली येतो.

दमटहवा

+१. आणि बंडीखालच्या कुर्त्याचा गळा बंडीच्या गळ्यावर पाव इंच दिसला पाहिजे. आत बुडाला की मान आखूड दिसते.

ऱ्हाइनकाठ

जर्मनीतून लिहितोय. इथला प्रश्न उलटा आहे, बाहेर शून्य अंश आणि आत हीटर. कॅज्युअल सूटसाठी इथे फ्लॅनेल आणि कॉर्डरॉय चालतं. कॉर्डरॉय घेताना एका इंचात किती कण्या, म्हणजे उंच उभ्या रेघा, आहेत ते बघा. आठ असतील तर कण्या जाड, दिसायला शेतावरचं. चौदा-सोळा असतील तर मखमलीकडे झुकतं आणि संध्याकाळी जेवणाला चालतं. वरचा ओव्हरकोट जॅकेटपेक्षा लांब हवा. खालून जॅकेटची कड डोकावली की सगळी मेहनत वाया.

इकडे "ब्लॅक टाय", म्हणजे टक्सीडो घालून या, असं लिहिलेलं आमंत्रण आलं तर तो भाड्याने आणायची गरज नाही. राष्ट्रीय पोशाख चालतो ही जुनी रीत आहे. काळा लोकरी बंदगळा, काळी पँट, काळे पॉलिश केलेले बूट. बटणं काळी, कापडाने मढवलेली. सोनेरी बटणांचा बंदगळा लग्नाचा, तो इथे नको.

माजघर

आपल्याकडच्या कार्याबद्दल कोणीच बोललं नाही अजून! मुंज, लग्न, सत्यनारायण, सगळीकडे मांडवात बूट काढावे लागतात. हॉलच्या दारात निम्मी औपचारिकता उतरवून ठेवल्यासारखं होतं. तेव्हा तिथून उलटा विचार करा.

लेसचे ऑक्सफर्ड बूट नकोत. दर वेळी वाकून सोडायचे, बांधायचे, आणि मागे माणसं खोळंबलेली. लोफर किंवा मंकस्ट्रॅप (बकलाच्या पट्ट्याचे) घ्या, बरोबर छोटा शूहॉर्न खिशात. मोजे पँटच्या रंगाचे, पोटरीपर्यंत येणारे, टाच-अंगठा शाबूत. बुटाविना पँट अर्धा-पाऊण इंच खाली येते आणि जमिनीवर लोळते. म्हणून अशा समारंभाची पँट बुटावर एकही घडी न पडेल एवढी आखूड करा, आणि आत दीड इंच माया ठेवायला सांगा, पुढे वाढवता येईल.

मांडी घालून बसायचं असेल तर स्लिम फिट विसरा. पुढे एक-एक प्लीट, म्हणजे शिवलेली चुणी, आणि कंबर थोडी वर. प्लीट बसल्यावर उघडते आणि मांडीला जागा देते. खाली बसताना पँटची मागची शिवण उसवते ती बहुतेक वेळा याच कारणाने, मांडीत घेर नसतो. शिंप्याला तिथे दुहेरी शिवण मारायला सांगा. लिननची पँट असेल तर मांडीपासून गुडघ्याच्या खालपर्यंत आतून पुढच्या बाजूला पातळ अस्तर लावा, गुडघ्याला फुगा येत नाही.

कोल्हापुरी घालणार असाल तर ती कुर्ता-बंडीवर, आणि पावसात अजिबात नको. पाणी लागलं की चामडं फुगतं आणि तळ सुटतो.

उंबरठा

माजघर, तुमचा प्रतिसाद वाचून माझे दोन प्रश्न सुटले. मांडी घालायची आहे का, हाच प्रश्न आधी विचारला पाहिजे.

गवतीचहा

पावसाळ्यात सूट ठेवायचा कसा? कपाटात बुरशी येते.

माझीसुई

ड्रायक्लीनवाल्याची प्लॅस्टिकची पिशवी घरी आल्याबरोबर काढा, दमटपणा तिच्यातच कोंडतो. जुन्या सुती साडीचं कव्हर शिवा, वर हँगरच्या आकड्यापुरतं भोक. हँगर खांद्याकडे रुंद, दोन इंच तरी. तारेच्या हँगरने पॅडविना खांद्याला टोक येतं. ठेवण्याआधी डाग आणि घाम साफ करून घ्या, कसर मळक्या लोकरीवर आधी धरते. डांबरगोळ्या कापडाला न टेकवता पुडीत बांधून वर टांगा. पावसात उघडीप पडेल त्या दिवशी तासभर पंख्याखाली, उन्हात नको. सूट घातल्यावर लगेच कपाटात कोंबू नका, रात्रभर बाहेर लटकू द्या. लोकरीच्या सुरकुत्या निम्म्या त्यातच सुटतात.

रानपाखरू

मूळ तिसरा प्रश्न राहिला ना? पत्रिकेवर काहीच नसेल तर?

टाचणी

माझा क्रम सांगते. पहिली, वेळ. सकाळ असेल तर फिकट आणि खरबरीत, सूर्य मावळल्यावर गडद आणि गुळगुळीत. दुसरी, जागा. उघडं लॉन की एसी हॉल की घर. लॉनवर बारीक सोलचे बूट चिखलात रुततात, रबरी सोल घ्या. तिसरी, तुमचं नातं. नवरदेवाचा सख्खा मामा आणि ऑफिसातला सहकारी, दोघांनी एकाच पायरीवर येण्याचं कारण नाही. मामा फोटोत दर वेळी असणार, त्याने वरची पायरी घ्यावी. सहकाऱ्याने शर्टावर सुटं हॉपसॅक जॅकेट घालावं. गरम झालं तर ते खुर्चीवर ठेवता येतं.

आणि शंका उरली तर सरळ फोन करून यजमानांना विचारावं. त्यांना त्रास होत नाही, उलट बरं वाटतं.

पाचूबंदर

नात्याचा मुद्दा सोळा आणे खरा.

धागेदोरे

"शंका असेल तर एक पायरी वर" असं सगळीकडे लिहितात, त्याला एक अपवाद सुचवतो. यजमान साधेपणाने, घरच्या घरी कार्य करत असतील तर वर जाऊ नका. तिथे थ्री-पीस घातलेला पाहुणा यजमानाला अवघडून टाकतो. वर जाणं खाली येण्यापेक्षा सुरक्षित असतं ते एवढ्याचसाठी की टाय काढून खिशात ठेवता येते, आणायला घरी जाता येत नाही. म्हणून खाली उतरता येईल असं घाला. सुट्टं जॅकेट, विणलेली टाय, आणि आतला शर्ट टायशिवाय उभा राहील असा.

उंबरठा

हे पटलं. आता शेवटचं, शिंप्याकडे कधी जायचं?

काजबटण

कार्याच्या दोन महिने आधी. लग्नसराईत शेवटच्या पंधरा दिवसांत दिलेलं काम मशिनवर घाईने निघतं आणि हाताची काजं होत नाहीत. माप देताना तेच बूट आणि तोच शर्ट घालून जा, खिशात मोबाईल-पाकीट नको. पहिली ट्रायल कच्च्या शिलाईवर घ्या, बाह्या टाचलेल्या असताना. खांदा, छाती आणि काखेची गोलाई तेव्हाच सांगायची, कारण नंतर खांदा उसवणं म्हणजे अर्धं जॅकेट उसवणं. दुसऱ्या ट्रायलला बाहीची लांबी, शर्टाचा कफ पाव ते अर्धा इंच दिसेल अशी. बाहीची काजं लांबी पक्की होईपर्यंत कापू देऊ नका. एकदा कापली की खालून बाही कमी करता येत नाही.

घरी आणल्यावर कात्री घेऊन बसा. मागच्या कटावरचा फुलीचा टाका कापा, बाहेरचे खिसे कच्च्या धाग्याने शिवलेले असतात ते उसवा, आणि बाहीवर कापडाच्या कंपनीची चिठ्ठी टाचलेली असेल तर ती काढा. कितीही महाग कापड असलं तरी ती चिठ्ठी बाहीवर राहिली की जॅकेट दुकानातच आहे असं वाटतं. टोकदार कात्री कापडाच्या बाजूने नाही, धाग्याच्या खालून घाला.

रानपाखरू

कपाटातल्या दोन जॅकेटांवर चिठ्ठी आहे. आत्ता उसवतो.